काजळ्याचा पाय

१२ जानेवारी, रविवार

मला कमेंट करायला बंदी घातलीये. मला! काजळ्याच्या मालकाला! स्वतःच्या पेजवर, स्वतःच्या बैलाच्या व्हिडिओखाली मी एक अक्षर लिहू शकत नाही. लिहून पाठवलं की उलट मेसेज येतो, तुम्ही नियम मोडलेत, थोडे दिवस थांबा. नियम कसला डोंबलाचा? एका भिकारड्याला त्याच्या लायकीप्रमाणे उत्तर दिलं, एवढंच.

म्हणून ही डायरी काढली. दिवाळीला सिमेंटवाल्याने दिलेली, कपाटात पडून होती. जे तिथे लिहू देत नाहीत ते इथे लिहिणार. बंदी उठली की बघून बघून एकेकाला सोलून काढतो.

काजळ्या कोण, हे आमच्या जांभूळमध्ये कुत्र्यालाही माहीत आहे. पण उद्या माझी पोरं-नातवंडं हे वाचतील, म्हणून लिहून ठेवतो. काजळ्या म्हणजे आमचा शर्यतीचा बैल. पांढराशुभ्र, आणि दोन्ही डोळ्यांभोवती काळं कडं, जसं काही बाईने बसून काजळ घातलंय. आमच्याच गोठ्यात जन्मला. बाबांनी, म्हणजे महिपती पाटलांनी, त्याला वाढवला आणि मी त्याला फेमस केला. पेज माझं. व्हिडिओ मी काढतो, गाणं मी लावतो. पनवेल, कर्जत, पार पेणपर्यंत पोरं त्याचं स्टेटस ठेवतात. लग्नाच्या बॅनरवर नवऱ्यामुलाच्या बाजूला आमच्या बैलाचा फोटो असतो. अजून काय पाहिजे?

तर काल मुरबाडच्या मैदानात काजळ्याची गाडी पहिली आली. गुलालाने मी असा माखलो की घरी आईने ओळखलं नाही. व्हिडिओ टाकला. पाऊस पडला नुसता, आगीच्या आणि हृदयांच्या चित्रांचा. आणि त्यात मधेच एक कमेंट. अकाउंटचं नाव 'काजळ्याचा पाय'. फोटो नाही, काही नाही. लिहिलंय, "उजवा पुढचा पाय चोरतोय. त्याला आराम द्या."

पाय चोरतोय म्हणे! पहिला आलेला बैल पाय चोरतो? मग बाकीचे काय लोळत होते? माझं डोकंच आउट झालं. मी त्याला जे लिहिलं ते इथे लिहीत नाही, आई कधीतरी कपाट आवरते.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. मनालीने तिळगूळ हातावर ठेवला आणि गोड बोला म्हणायच्या ऐवजी काय बोलली? "उन्हाळ्यापर्यंत शर्यत नको ना. जरा बसू द्या त्याला."

बायकोने सणाच्या दिवशी असं बोलायचं? मी बोललो, "तुला काय कळतं शर्यतीतलं? तुझ्या माहेरी बेलवलीला एक शेळी तरी होती का?" ती शेणाची पाटी उचलून गोठ्यात गेली.

आणि तिकडे अंबरनाथचा तो विनीत. जमिनी विकून पैसा आला, तर याने बैल घेतला आणि नाव ठेवलं डॉलर. बैलाचं नाव डॉलर! लाज नाही वाटत? त्याने आज व्हिडिओ टाकला. काळा गॉगल घालून डॉलरच्या पाठीवर हात ठेवून बोलतो, "काही लोकांचा बैल म्हणे दमलाय. आम्ही वाट बघतो बरं का, भाऊ." आणि डोळा मारला.

मी लगेच लाइव्ह गेलो. कमेंटला बंदी आहे, लाइव्हला नाही, यांच्या डोक्यात एवढंही आलं नाही. सगळ्यांसमोर सांगितलं, २३ फेब्रुवारीला वांगणीच्या पुढच्या मैदानात काजळ्या विरुद्ध डॉलर. बिनजोड. दोनच गाड्या, एकच गुलाल. दम असेल तर ये.

लाइव्ह संपवला तेव्हा बाबा ओट्यावर बसून माझ्याकडेच बघत होते. बोलले, "बैलाला इचारलंस?"

म्हातारा झाला की माणूस काहीही बोलतो.

१९ जानेवारी, रविवार

हरामखोर! आता त्याने व्हिडिओ टाकलाय. तोच, काजळ्याचा पाय. व्हिडिओ माझाच, मुरबाडचा, मी काढलेला. माझं गाणं काढून टाकलं आणि सगळं एकदम हळू केलंय. काजळ्या तरंगत येतोय असा. पुढच्या उजव्या पायाभोवती लाल गोल काढलाय. खाली लिहिलंय, "हा पाय बघा. टेकताना मान खाली जाते." बास, एवढंच. शिवी नाही, हसणं नाही. ते मला जास्त झोंबलं. अरे, भांडायचं तर सरळ भांड ना.

एवढं हळू केलं तर कोणीही लंगडा दिसेल. मी बायकोला बोलवून दाखवलं, "बघ, लोक कसे रिकामटेकडे असतात." तिने बघितलं आणि बोलली, "पण मान जाते खाली." मी बोललो, सगळ्यांचीच जाते. ती बोलली, "डाव्या पायाला नाही जात." बघा म्हणजे. लाल गोल काढला की घरातली माणसंसुद्धा फसतात.

एक मात्र आहे, हिला हल्ली फोन चांगला जमायला लागलाय. मीच शिकवलं दिवाळीत, व्हिडिओ कापायचा कसा, हळू-जलद करायचा कसा, पेजचं काम हलकं होईल म्हणून. पण माझ्या पेजचं काम सांगितलं की हात दुखतो बाईचा.

२२ जानेवारी, बुधवार

डॉलरवाल्यांनी तो लाल गोलाचा व्हिडिओ उचलला. त्यावर ढोल-ताशा लावला. एकाने काजळ्याच्या पायाला कुबडी चिकटवली. एकाने त्याला म्हाताऱ्याचा आवाज दिला, "मना पेन्शन पायजे". दुसऱ्याने तो व्हिडिओ बाजूला लावून स्वतः लंगडत नाच केला आणि मग सगळी पोरंपोरी तसा नाच करायला लागली. लंगडी स्टेप! बदलापूर स्टेशनबाहेर कॉलेजच्या पोरी तो नाच करून व्हिडिओ काढत होत्या, मी डोळ्यांनी बघितलं. त्यांना माहीतसुद्धा नसेल की हा कुठला बैल आणि कोणाचा.

आमची पोरं पण गप्प बसली नाहीत. डॉलरच्या मालकाची जी धुलाई केली ती वाचून जरा बरं वाटलं. सगळे एकच विचारतात, "भाऊ, २३ला येणार ना? माघार नको." माघार कसली घेतोय!

काजळ्याचा पाय याने मात्र काल लिहिलं, "चिडवू नका. मी चिडवायला टाकला नव्हता." घ्या! आग लावायची आणि मग बोलायचं, मला फक्त उजेड पाहिजे होता.

२७ जानेवारी, सोमवार

आज हद्द झाली. नवीन व्हिडिओ. हा माझा नाही. हा आमच्या गोठ्यातला आहे! आमची गव्हाण, आमचं निळं पिंप. काजळ्या उभा आहे आणि उजवा पाय जरासा उचलून धरतो, टेकवतो, परत उचलतो. कॅमेरा खालून धरलाय, कोणीतरी बसून काढल्यासारखा. कोपऱ्यात शेणाची पाटी दिसते.

म्हणजे माणूस घरात येऊन गेला. माझ्या गोठ्यात, माझ्या बैलापाशी! मी सगळ्यांना ओट्यावर उभं केलं आणि विचारलं, कोण आलं होतं? आई बोलली, "मना तं कोन दिसला नाय." बाबा तंबाखू मळत बसले. मनालीचा चेहरा पडला होता. घाबरली बिचारी, परका माणूस घरात शिरला म्हटल्यावर घाबरणारच.

मग माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. रघु! आमचा गाडीवान. आठ दिवसांपूर्वी मला बोलला होता, "हरेशशेठ, जोर नाय लावत तो. वळणावर आत घेतो." तेव्हाच कळायला पाहिजे होतं. हाच तो. विनीतने फोडलाय त्याला.

२८ जानेवारी, मंगळवार

रघुला हाकलला. नाक्यावर चार माणसांत सांगितलं, तू खाल्ल्या घरचे वासे मोजलेस. तो शपथा घ्यायला लागला. बोलला, "शेठ, माझा फोन बटणाचा हाय." मी बोललो, दुसरा लपवला असशील. मग तो एकच बोलला, "माझा राग काढा, पण त्याला नका पळवू." आणि निघून गेला. चोराच्या तोंडी किती माया!

नवा गाडीवान बघितला. त्याला काजळ्याची सवय नाही, पण होईल.

मनाली जेवली नाही. रघुची बायको तिची मैत्रीण आहे ना, त्याचं दुःख. मी बोललो, घरात साप पाळू का मी? तर एकदम उसळली, "साप नाही तो! तुम्हाला काय माहीत?" इतक्या वर्षांत माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. नंतर आत जाऊन फोन घेऊन बसली. काहीतरी लिहायची, खोडायची, लिहायची.

संध्याकाळी त्या अकाउंटवर आलं, "रघुदादाने काही केलेलं नाही." बघा, साथीदार पण आहेत त्याचे! पूर्ण टोळी आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

गोठ्यात कॅमेरा बसवला. उल्हासनगरहून आणला. सिंधी दुकानदार बोलला, "साईं, क्या चीज़ संभालनी है? सोना है क्या?" मी बोललो, सोन्याहून जास्त. आता फोनवर चोवीस तास काजळ्या दिसतो. आवाज येत नाही, पण चित्र एकदम क्लियर. येऊ दे कोण येतो ते.

५ फेब्रुवारी, बुधवार

चोर तर सापडला नाही, पण एक गोष्ट बघून जीव भरून आला. कॅमेऱ्यात दुपारचं दिसलं. मनाली काजळ्यापाशी बसलीये. गरम पाण्याचं पातेलं, फडकं. त्याचा पाय मांडीवर घेऊन शेकतेय. हळद लावतेय. त्याच्याशी काहीतरी बोलतेय, आणि पदराने डोळे पुसतेय. रोज करते, मागचं सगळं बघितलं मी, रोज दुपारी.

मला वाटत होतं हिला बैलाचं काही पडलेलं नाही. आणि ही गुपचूप सेवा करते! अशी बायको नशिबाने मिळते. मी लगेच तो तुकडा कापला, मागे सनई लावली, वर लिहिलं, "वहिनींची सेवा, काजळ्याची ताकद. चलो वांगणी." आणि टाकला.

तिला दाखवला तर पांढरीफटक पडली. बोलली, "हे कशाला टाकलंत?" लाजते अजून.

६ फेब्रुवारी, गुरुवार

माणसं नाहीत ही! पहिल्या तासात लिहीत होते, लक्ष्मी आहे लक्ष्मी. नंतर एकाने विचारलं, "पायच का शेकते? तोही उजवाच?" झालं. त्यावर रांग लागली. लाल गोल परत आला. आणि मग काही जण बैल सोडून माझ्या बायकोवर घसरले. तिचा पदर, तिचा हात, तिचं रडणं. एकाने लिहिलं, "बैल लंगडा झाला तर वहिनीला जुंपा, मजबूत दिसते." त्याला हसणारे हजार.

लिहिताना पेन कागद फाडून आत घुसतंय. व्हिडिओ काढून टाकला, पण लोकांनी उतरवून ठेवलाय, कुठूनही परत वर येतो. मी मनालीला बोललो, याला शोधून काढतो. तर बोलली, "शोधा. सगळ्यांना शोधा. फक्त गोठ्यात जाऊन एकदा पाय नका बघू." काय बोलते तिला तरी कळतं का?

८ फेब्रुवारी, शनिवार

सापडला तो, वहिनीला जुंपा लिहिणारा. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. राजू नाव. त्याने स्वतःच दुकानाचा पत्ता त्याच्या पानावर टाकला होता, म्हणून सापडला. मी टेम्पो आडवा लावला आणि आत शिरलो. मला वाटलं कोणीतरी गुंड असेल. पाहतो तर चष्मेवाला, केस चापून बसवलेला माणूस, समोर देवाला अगरबत्ती लावलेली.

मला बघून उठलाच. "अरे, हरेशभाऊ! काजळ्यावाले! बसा ना, चहा सांगतो." मी बोललो, तू माझ्या बायकोबद्दल लिहिलंस. तर जीभ चावली त्याने. "ते होय? भाऊ, ते मस्तीत लिहिलं. मी तर तुमचाच फॅन आहे." आणि मोबाइल उलटा करून दाखवला. कव्हरवर काजळ्या! "मी डॉलरवाल्यांना पण असंच लिहितो. वाचतात लोक. भाऊ, एक सेल्फी?"

आणि माझा हात उठायच्या आत त्याने माझ्या खांद्यावर हात टाकून सेल्फी काढला पण! मग मी त्याच्या कानाखाली वाजवली. चष्मा अगरबत्तीवर पडला. तो रडवेला होऊन बोलला, "तुम्हाला खरंच राग आला का?"

दुकानाबाहेर आलो तर दोघं शूटिंग करत होते. घरी पोचायच्या आत ते पण फिरायला लागलं. माझीच पोरं खाली लिहितात, "भाऊने दिली ना कानपटात! २३ला डॉलरला पण!" त्या राजूने पण सेल्फी टाकला, लिहिलं, "भाऊंचा आशीर्वाद."

आता मला सांगा, कोणाला मारायचं?

११ फेब्रुवारी, मंगळवार

काजळ्याने पेंड खाल्ली नाही. कालपण नुसती हुंगली. मी बोललो, नजर लागली. लाखो लोकांनी बघितलं त्याला, त्यातले निम्मे जळके. नजर लागणार नाही तर काय?

आईने मीठ-मिरच्या उतरवल्या. काजळ्यावरून सात वेळा. चुलीत टाकल्या, ठसका आला नाही, म्हणजे जबरी नजर. मग मीच बोललो, आई, नजर आली ती फोनमधून आली. फोनवरून पण उतरव. आईने पाटावर फडकं टाकून माझा फोन ठेवला, पेज उघडं, आणि मुठीत मीठ घेऊन ओवाळायला लागली. "आल्या-गेल्याची, चांगल्याची-वाईटाची, काल्या डोल्याची, गोऱ्या डोल्याची." मधेच फोनवर कोणीतरी 'लंगड्या' म्हणून लिहिलं ते वर आलं. आईने वाचता येत नसतानाही त्याच्यावरून जास्तीचं ओवाळलं.

मनाली दारात उभी राहून बघत होती. आधी हसली, मग रडायला लागली. बोलली, "आई, मीठ पाण्यात टाका आणि त्याचा पाय बुडवा त्यात. सूज तरी उतरेल."

आई माझ्याकडे बघायला लागली. मी बोललो, सूज नाही ती. हाड मोठं आहे त्याचं.

१६ फेब्रुवारी, रविवार

सराव केला. नवा गाडीवान बोलला, "चांगला पळतो, पण सुरुवातीला जरा उठवायला लागतो." ते सगळ्यांनाच लागतं.

बाबा शेतावर आले होते. कधी येत नाहीत. काजळ्या थांबल्यावर खाली बसले, गुडघे दुखतात तरी, आणि त्याच्या पायावरून हात फिरवला. वर बघून बोलले, "गरम हाय."

मी बोललो, "पळाला म्हणून."

"मग बाकीचं तीन थंड कसं?"

मी तडकलो. बोललो, "बाबा, आता माघार घेतली तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. अंबरनाथपासून कर्जतपर्यंत लोक नाचतील लंगडी स्टेप. तुम्हाला कळत नाही हे फोनवर कसं चालतं."

बाबा बोलले, "मना नाय कलत. त्यालाबी नाय कलत. त्याला काय सांगशील, कोनासाठी पलतंय तो?"

मी काजळ्याला घेऊन निघालो. त्यांना घरी यायला वेळ लागला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बंदी उठली! पण आता एकेकाला उत्तर द्यायला वेळ कुठेय? मैदानवाल्यांनी बॅनर लावलेत, माझा आणि विनीतचा फोटो समोरासमोर. बदलापूरपासून चार चॅनेलवाले लाइव्ह दाखवणार. कोणीतरी मतदान ठेवलंय, काजळ्या जिंकेल, डॉलर जिंकेल, की काजळ्या पडेल. तिसऱ्याला सगळ्यात जास्त मतं आहेत. आमच्या पोरांनी पण दिलीयेत त्याला, मी नावं बघितली. विचारलं तर बोलतात, "भाऊ, मस्ती."

त्या 'काजळ्याचा पाय' हलकटाने आज लिहिलं, "पडला तर परत उठणार नाही. पाया पडते, थांबवा कोणीतरी." पाया पडते. म्हणजे बाई आहे! रघुची बायकोच असणार. वाटलंच मला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सगळी तयारी झाली. शिंगं रंगवली, झूल धुतली, टेम्पोत पेंढा घातला. एकाकडून इंजेक्शन आणलंय, सकाळी निघताना द्यायचं. बोलला, मैदानावरच्या डॉक्टरसमोर एकदम सरळ चालेल, संध्याकाळपर्यंत काही जाणवणार नाही.

मनालीने ते फ्रिजमध्ये बघितलं. दुधाच्या पिशवीमागे ठेवलं होतं. बोलली, "दुखत नाही म्हणता ना? मग दुखण्याचं इंजेक्शन कशाला?"

तेवढ्यात फोन आला म्हणून उत्तर द्यायचं राहिलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

टेम्पोत बसून लिहितोय. टेम्पो आमच्याच अंगणात आहे.

सकाळी नाक्यावर गेलो होतो हार आणायला. पोरं जमलेली, ढोल होता, कॅमेरे होते. हार घेऊन आलो तर गोठ्याचं दार आतून बंद. इंजेक्शनची बाटली बाहेर पायरीवर फुटलेली. बाबा दारासमोर खाट टाकून बसलेले. मी बोललो, कोण आहे आत? बाबा बोलले, "तुज्या घरचंच मानूस हाय."

आणि फोन वाजला. 'काजळ्याचा पाय' लाइव्ह आला आहे.

उघडलं. मनाली! मनालीचा चेहरा, मागे आमचं निळं पिंप. पेंढ्यावर काजळ्या बसलेला. घामाघूम झाली होती, पण आवाज सरळ होता. "मी मनाली. हे अकाउंट माझं आहे. रघुदादाचा काही संबंध नाही. याचं शेण मी काढते, याला पाणी मी देते, म्हणून मला दिसलं. घरात सांगून बघितलं, ऐकलं नाही. मला वाटलं, लोक सांगतील तर ऐकतील. म्हणून तुम्हाला पाय दाखवला. तुम्ही त्याच्यावर गाणी लावली. तुम्ही नाचलात. तुम्ही चिडवलंत म्हणून हे इरेला पेटले. मी दाखवलाच नसता तर बरं झालं असतं. आता मी दार उघडणार नाही. बैल जाणार नाही."

माझी बायको! माझ्या घरात, माझं खाऊन, जगासमोर! बाबांची खाट ओलांडून मी दारावर लाथ घातली. "मनाली! दार उघड! दार उघड सांगतो!" मागून ढोलवाली पोरं आली, तीपण फोन धरून. हातातल्या फोनवर कमेंट पळत होत्या. तोड भाऊ दरवाजा. वहिनी नडली. तोड, तोड. वहिनी झिंदाबाद. पॉपकॉर्न आणा रे.

तो लाइव्ह थोडा मागे चालतो. मी ओरडून झालो आणि मग फोनमधून माझाच आवाज आला. मी असा ओरडतो, हे मला माहीत नव्हतं. आणि तो आवाज ऐकून मागे पेंढ्यावर काजळ्याने मान उचलली.

वासरू होता तेव्हापासून माझा आवाज ऐकला की तो उठून येतो. फोनमध्ये तो उठायला लागला. मागचे दोन पाय उभे राहिले. पुढचा डावा राहिला. उजवा त्याने जमिनीला लावला आणि भाजल्यासारखा वर घेतला. परत लावला. मनाली कॅमेरा सोडून त्याच्याकडे धावली, "बस रे, बस, बस राजा." तो ऐकेना. तीन पायांवर उड्या मारत दाराकडे यायला लागला. माझ्याकडे.

इतके दिवस तो माझ्यासमोर होता. मी फोनच बघत होतो, आणि आज फोनमध्येच दिसला.

मी बोललो, "थांब, काजळ्या, थांब!" तेही त्याला ऐकू गेलं. आवाज माझाच ना. घाई केली त्याने, पाय दुमडला आणि गुडघ्यावर पडला. दाराबाहेर मला आधी धप्प ऐकू आलं आणि थोड्या वेळाने फोनमध्ये दिसलं.

खाली कोणीतरी लिहिलं, "वन्स मोअर." आणखी एकाने लिहिलं, "भाऊ, परत हाक मारा ना, कसला भारी उठतो." मग सगळेच. हाक मारा. हाक मारा. मागे उभ्या एका पोराने खरंच हाक मारली, काजळ्याऽऽ म्हणून. मी वळून त्याच्या तोंडावर हात दाबला. एक अक्षर न बोलता दाबला. त्याला वाटलं मी मारणार.

हाताने खूण करून सगळ्यांना फाटकाबाहेर घालवलं. ढोल बंद करायला लावला. फाटकाबाहेरून अजून शूटिंग चाललंय.

मैदानावरून फोनवर फोन येतायत. विनीतने न पळताच गुलाल उधळला. माझं पेज शिव्यांनी भरलंय, बायकोच्या पदराला बांधलेला, भेकड, नामर्द. राजूने पण लिहिलंय. एकेकाची आई-बहीण काढावी असं तोंडावर आलंय. मनालीला पण जाब विचारायचाय. माझ्याशी एका गादीवर झोपून माझ्याविरुद्ध अकाउंट काढलं, त्याचं उत्तर पाहिजे मला. दारावर जाऊन विचारायला दोनदा उठलो.

बाबांनी दोन्ही वेळा ओठांवर बोट ठेवलं. आतून मनालीचा आवाज येतोय, एकदम हळू, ती त्याला काहीतरी सांगतेय. रघुला फोन लावायला हवा, काजळ्या त्याच्या हाताने शांत होतो, डॉक्टरला पण तोच आणेल. पण इथून बोललो तर आत ऐकू जाईल. मेसेज करावा तर त्याचा फोन बटणाचा, वाचेल की नाही कोण जाणे. नाक्यापर्यंत चालत जाऊन फोन करतो.

टेम्पोचं दार पण हळूच लावायला पाहिजे. काजळ्या आत्ताच बसलाय.